पी-व्हॅल्यू लिहिण्याआधी स्लोप वाच

पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की लगेच ‘सिद्ध झालं’ असं लिहू नकोस. ‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधला ‘कार्स’ डेटा उघड: 1920 च्या दशकातल्या गाड्यांच्या 50 नोंदी, ताशी मैलांत वेग आणि थांबायला लागलेलं अंतर फुटांत. वेगावरून अंतराचा अंदाज देणारी सरळ रेषा बसव: स्लोप, म्हणजे रेषेचा उतार, 3.932; स्टँडर्ड एरर, म्हणजे त्या उताराच्या अंदाजातली अनिश्चितता, 0.4155. स्लोपला स्टँडर्ड एररने हाताने भागून बघ, टी 9.46 येतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम 48 (50 नोंदींतून रेषेचे दोन आकडे वजा). स्लोप खरोखर शून्य असता, तर एवढा मोठा टी निव्वळ योगायोगाने जवळपास कधीच आला नसता. पी-व्हॅल्यू इतकंच सांगते. शून्य परिकल्पना, म्हणजे स्लोप शून्यच आहे हे गृहीतक, खरी असण्याची शक्यता ती सांगत नाही. ही गफलत मुरलेले लोकही करतात.

मला स्लोपचा 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे डेटाशी जुळणाऱ्या स्लोपचा पट्टा, जास्त बोलका वाटतो: 3.1 ते 4.8. वेग ताशी एका मैलाने जास्त, तर अंतर सरासरी साधारण एवढे फूट जास्त.

इंटरसेप्ट, म्हणजे वेग शून्य असताना रेषा सांगते ते अंतर, मात्र उणे 17.6 आहे. उभ्या गाडीसाठी त्याला काही अर्थ नाही, कारण नोंदी ताशी 4 ते 25 मैल वेगाच्याच आहेत. मग रेसिड्युअलचा, म्हणजे प्रत्यक्ष अंतर आणि रेषेचा अंदाज यांतल्या फरकाचा, आलेख काढच. वेग वाढतो तसे ठिपके फाकत जातात, म्हणून त्या स्टँडर्ड एररवर डोळे मिटून विसंबू नकोस.