बाँडवर सही करायच्या आधी

“मॅडम, कंपनी ट्रेलर शिकवणार, हेवीचं लायसन्स काढून देणार, राहणं-जेवण फुकट. पण दोन वर्षांचा बाँड आहे. जाऊ का नको?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न इतक्यांदा समोर आलाय की विचारणाऱ्याचं पुढचं वाक्यही मला आधीच ऐकू येतं. “घरचे नको म्हणतात,” नाहीतर “अडकून पडलो तर?” ही हकिकत कराडकडच्या बावीस वर्षांच्या एका मुलाची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सात बैठकींतलं मोजकंच इथे घेतलंय.

पहिल्या दिवशी तो आईला घेऊन आला. बी.कॉम. अर्धवट, एमआयडीसीतलं कंत्राटी काम तीन महिन्यांपूर्वी सुटलेलं. तो बोलायच्या आधी आईच म्हणाली, “ताई, ड्रायव्हरला मुलगी कोण देतंय? आणि कुठं ठोकर झाली की दहा वर्षं आत.”

ठोकरीचं उत्तर लगेच देता आलं. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर ज्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, ते कलम १०६(२). अपघातात माणूस दगावला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते म्हणतं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं. मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं मी त्यांना सांगितलं.

मग त्याच्याकडे वळले. “तुला काय वाटतं?”

“मला ते जमणारच नाही. पण नोकरी तर लागलीच पाहिजे.”

एका दमात दोन ‘च’. परिस्थितीपेक्षा या ‘च’नं माणूस जास्त गांजतो, असं मी मानते, आणि माझं निम्मं काम तो हेरण्यातच जातं. पण ‘काढ तो च’ म्हणून तो निघत नसतो. त्याच्या बुडाशी एखादी नेमकी गोष्ट रुतलेली असते, तिथवर जावं लागतं.

दुसऱ्या वेळी त्याला बाँडचा कागद आणायला सांगितला आणि मोठ्यानं वाचायला लावला. मनातल्या मनात वाचताना डोळा नकोशा ओळी गाळतो. ट्रेनिंगचा खर्च साठ हजार, मुदत चोवीस महिने, मधे सोडल्यास पूर्ण रक्कम. वाचता वाचता तो थांबला. “म्हणजे तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी साठ हजारच?” हो, त्या कागदाप्रमाणे साठ हजारच. असा बाँड समोर आला की रक्कम दर महिन्याला उतरती मागावी. साठ हजाराचे चोवीस भाग केले तर महिन्याला अडीच हजार कमी होतात. वर्षभर काम करून सोडलं तर तीस हजार.

मित्रांनी त्याला सांगून ठेवलं होतं, “कर सही, बाँड कोर्टात टिकत नाही.” यावर विसंबू नये. एका सरकारी बँकेतल्या नोकरीच्या खटल्यात ‘तीन वर्षं काम, नाहीतर दोन लाख’ ही अट सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये वैध ठरवली. उलट बाजूही लक्षात ठेवावी. कंपनी जबरदस्तीनं काम करवून घेऊ शकत नाही, आणि करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. कोरा चेक द्यायचा नाही. मार्कशीट आणि लायसन्सची झेरॉक्स द्यायची, मूळ कागद नाही.

लायसन्सचंही आधीच तपासावं. हेवीसाठी वय वीस पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं लागतं, नाहीतर मुलगा ट्रेनिंगला जाऊन बसतो आणि लर्निंगच निघत नाही. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, तरी “शिक्षण कमी आहे” म्हणून मागे फिरलेली मुलं मला अजून भेटतात.

पण खरा घोळ शिकवण्यात असतो. केंद्राच्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत जड वाहनाचा अभ्यासक्रम अडतीस तासांचा, सहा आठवड्यांच्या आत पुरा करायचा. यात वर्गातले तासही आले. म्हणून किती दिवसांचं ट्रेनिंग, हे विचारून भागत नाही. स्टेअरिंग माझ्या हातात किती वेळ आणि एका गाडीवर किती पोरं, हे विचारावं. चार तासांच्या फेरीत केबिनमध्ये सहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात. तेवढ्यात ट्रेलर रिव्हर्स घेता येत नाही. ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे, हे डोक्याला पटलं तरी हाताला पटायला कित्येक फेऱ्या लागतात.

तिसऱ्या बैठकीत ‘जमणारच नाही’वर परत आले. “नेमकं काय जमणार नाही? एक गोष्ट सांग.”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “घाट.”

चौदा वर्षांचा असताना तो मामाच्या दहाचाकीतून कुंभार्ली घाट उतरला होता, खाली चिपळूणला. भरलेली गाडी, ब्रेकचा जळका वास, आणि मामा एकदम गप्प झालेला. त्या दिवसापासून त्याच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला. घाट उतरायला छाती लागते, मामाला ती होती, मला नाही.

मी त्याला धीर दिला नाही. धीर दिला असता तर छातीच लागते हे मीही मान्य केल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी एक काम दिलं. ट्रेनिंग सेंटरवर जायचं, शिकवणाऱ्या उस्तादाला गाठायचं आणि एकच विचारायचं, तो वास कशाचा होता?

पुढच्या आठवड्यात आला तो बसायच्या आधीच बोलायला लागला. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात आणि लायनर पकड सोडतात. घाबरून पुन्हा पुन्हा दाबलं की ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, ज्यात गाडी तोच घाट चढली असती साधारण तो, आणि जोडीला एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा. “आणि मॅडम, डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करतात ना, ते वाचतच नाही. नव्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला जळत राहतं.” बोलताना त्याचा डावा हात माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडवर होता, आणि तो हात गिअर पाडत होता. चौथा, तिसरा. तिसऱ्यावर जरा थांबला, इंजिनाचा आवाज ऐकत असल्यासारखा.

मी काहीच बोलले नाही. आमच्या कामात सगळ्यात अवघड जाते ती ही शांतता, आणि त्या दिवशी ती पाळता आली याचं मला आजही बरं वाटतं. थोड्या वेळानं तोच म्हणाला, “म्हणजे मामाला गिअर माहीत नव्हता.” छातीचा प्रश्न माहितीचा झाला होता. माहिती नसेल तर शिकता येते.

उरला रात्री गाडी चालवण्याचा प्रश्न. तो कागदावर सुटत नाही, शरीरालाच विचारावा लागतो, आणि बाँडवर सही करण्याआधी विचारलेला बरा. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालासकट साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. त्याच्या ओळखीतला एक टेम्पो भाजी घेऊन वाशी मार्केटला जायचा. रात्री आठला निघायचं, पहाटे तीनच्या सुमारास पोचायचं. महिनाभर त्यावर जायचं ठरलं आणि रोज वहीत दोनच नोंदी करायच्या. डोळा कधी जड झाला, आणि दिवसा सलग झोप किती मिळाली.

वही बघून दोघांनाही नवल वाटलं. गाडीवर तो टिकत होता, फक्त रिकामा टेम्पो घेऊन परतताना पहाटे झापड यायची. खरी अडचण घरी होती. पत्र्याखाली, दुपारच्या उकाड्यात, तीन तासांच्या वर झोप नव्हती. आई शेजारच्या खोलीत टीव्ही लावायची. ती वही त्यानं आईला दाखवली. माझ्यासमोर दोघं पहिल्यांदाच भांडणाऐवजी पंख्यावर आणि टीव्हीच्या वेळेवर बोलत होते.

मग तो कंपनीत तीन गोष्टी विचारायला गेला. बाँड उतरता करणार का? सुरुवातीचे महिने लांबच्या फेरीला जोडीला दुसरा ड्रायव्हर असेल का? मालात घट आली, टायर फुटला, चलन झालं, तर कापणार कोणाच्या पगारातून? भत्ता ट्रिपवर की किलोमीटरवर, आणि गाडी खाली व्हायला दोन दिवस लागले तर त्या दिवसांचं काय, हेही मी जोडून दिलं होतं, पण ते विचारायचं तो विसरला. पहिल्या दोन गोष्टी कंपनीनं मेलवर लिहून दिल्या. कपातीबद्दल “बघू” म्हणाले. त्या “बघू”ची किंमत आम्ही धरली, महिन्याला दोन-तीन हजार जातील असं समजून पगाराचा हिशेब पुन्हा मांडला. आधीच्या एमआयडीसीतल्या कामापेक्षा तरीही जास्त उरत होते.

“मग जाऊ?” त्यानं विचारलं.

“तू काय ठरवलंस?”

“पुढच्या बॅचला. ही बॅच सोडतो, पत्र्याखाली आधी सीलिंग करून घेतो.”

मुलगी कोण देणार, हे आईनं जाता जाता पुन्हा विचारलंच. त्याला मात्र तिने एवढंच विचारलं, की केबिनमध्ये एसी असतो म्हणतात ते खरं का. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांत तो सक्तीचा आहे, तुला जुनी गाडी दिली तर नसेल, असं मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

पुढच्या बॅचच्या पहिल्या दिवशी त्याचा मेसेज आला. एका गाडीवर चार पोरं होती. ऑफिसात मूळ लायसन्स जमा करायला सांगितलं तेव्हा यानं झेरॉक्स पुढे केली. क्लार्कनं दोनदा मागितलं, मग घेतली.