आधी रेखाट, मग नाव दे

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझी पाच पानं वाचली. लेण्याच्या दारावर कमळात उभी बाई, दोन्हीकडून हत्ती तिच्यावर पाणी घालताहेत, आणि खाली तुझं न् मित्राचं भांडण. तो म्हणतो लक्ष्मी आहे, म्हणजे लेणं हिंदूंचं. तू म्हणतेस लेणं बौद्ध, म्हणजे लक्ष्मी मागाहून कोरलेली. वर मला विचारतेस, कुणी कुणाचं घेतलं? अगं, त्या बाईकडे किती वेळ बघितलंस ते पाच पानांत कुठंच नाही.

जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात असंच एक चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं लेणं आहे, अर्धवट राहिलेलं. दारावरच्या अर्धवर्तुळात पाकळ्यांसारखे कप्पे पाडलेत. मधे ती, शेजारच्या पाकळ्यांत कमळांवर उभे हत्ती, त्यांच्यापलीकडे एकीकडे हात जोडलेला पुरुष, दुसरीकडे बाई. सगळं एकाच आखणीतलं, मागाहून घुसवायला जागाच नाही. आणि तिथल्या लेखात दान कुणाचं? चंद नावाच्या यवनाचं, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकाचं! घाल आता वाद.

तिशीत मीही एका स्मरणिकेत ‘ही लक्ष्मी उत्तरकालीन’ असं छापून मोकळा झालो होतो. खालून दहा मिनिटं बघून. चित्रकलेचा मास्तर मी, वही पिशवीत, आणि एक रेघ ओढली नाही. रेखाटलं असतं तर दुसऱ्या हत्तीपाशीच चूक कळली असती. दुरुस्ती छापायला हवी होती, छापली नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा. आणि स्मरणिका वाचतं कोण? हे मी स्वतःला अजून सांगत असतो.

म्हणून आधी रेखाट, मग नाव दे. हातात कमळ दिसलं की विष्णू म्हणू नकोस. अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्वही कमळ धरतो, त्याच्या मुकुटात इवलासा अमिताभ बुद्ध बसलेला असतो, तो शोध. वज्र दिसलं तर इंद्रच कशाला, वज्रपाणी बोधिसत्त्वही असेल. बसलेल्या बुद्धाचा उजवा हात मांडीतच आहे की गुडघ्यावरून जमिनीला टेकलाय? टेकला असेल तर तो मारविजयाचा क्षण, मोहात पाडणाऱ्या माराला बुद्धानं जिंकलं तो. एवढं बोटभर अंतर, पण रेघ ओढल्याशिवाय दिसत नाही.

वेरूळच्या 10 नंबरच्या लेण्यातल्या बुद्धाला लोक विश्वकर्मा म्हणत आले, लेण्याला सुताराची झोपडी. शिकलेले हसतात. मी नाही हसत. छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्यात, हे त्यांनी बघितलं होतं. तेवढंही मी मानमोडीला बघितलं नव्हतं.

पुढच्या पत्रात मत नको, वही पाठव. मित्रालाही पेन्सील दे. आणि तुमच्या हत्तींच्या सोंडेत घडा आहे की नाही, ते बघून काढ, आठवून नाही.

तुझा,
मास्तर