विहीणबाईंची फारसी

प्रश्न : माझी सून इराणी, विहीणबाई तेहरानला असतात. आमचं बोलणं फोनवरच्या भाषांतरावर चालतं. नातीच्या वाढदिवसाचे फोटो पाठवून त्यांनी एक ओळ लिहिली, तिचं भाषांतर आलं, ‘तुमची जागा रिकामी’. आम्ही गेलो नाही म्हणून हा टोमणा का? नातीला तर त्या ‘तुझे यकृत खाते’ म्हणाल्या! दुसरं अ‍ॅप बघावं तर त्याच्या यादीत फारसीच नाही. करू काय?

उत्तर : ताई, टोमणा मुळीच नाही. ‘जाये शोमा खाली’ म्हणजे तुम्ही हव्या होतात. आणि ‘जिगरेतो बोखोरम’ म्हणजे आपलं ‘खाऊन टाकू का गं तुला?’ यकृत सुखरूप आहे.

मी रोज फारसीतून भाषांतर करतो, तरी यंत्राची कधीकधी कीव येते. फारसीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. क-र-म ही तीन अक्षरं दिसली की तो केर्म (किडा), करम (औदार्य) की तोंडाला लावायचं केरेम, हे संदर्भावरून ताडायचं. त्यात ‘नीम-फासेले’, म्हणजे अर्धी मोकळी जागा. ‘मी-खोरम’ म्हणजे ‘मी खाते’. पण घाईत पूर्ण जागा सोडली तर तेच ‘मेय खोरम’, ‘मी मद्य पिते’, असंही वाचता येतं. विहीणबाई कधी अशा दिसल्या तर गैरसमज नको!

शिवाय त्या बोलतात तसंच टाइप करत असणार. पुस्तकात ‘खाने’ म्हणजे घर, तेहरानी तोंडी ते ‘खूने’ होतं. यंत्रं शिकतात ती बरीचशी बातम्यांच्या, पुस्तकांच्या फारसीवर. आजीच्या लाडाची भाषा तिथे कुठून असणार? आणि फारसीत तो-ती हा भेदच नाही, दोघांना ‘ऊ’. मधे इंग्रजीचा टप्पा असला की नातीचा ‘तो’ झालाच म्हणून समजा.

यादीत फारसी नसणं मात्र मला खटकतं. इराणची ती राजभाषा. अफगाणिस्तानात दारी, ताजिकिस्तानात ताजिक म्हणून तीच नांदते. गूगलनेही ती घेतली २००९ च्या जूनमध्ये, इराणमध्ये निवडणुकीनंतरची निदर्शनं पेटली तेव्हा.

तुम्ही एवढं करा : भाषा आपोआप ओळखण्यावर सोडू नका, स्वतः फारसी निवडा; कधीकधी ती अरबी समजली जाते. पे, चे, झे, गाफ ही चार अक्षरं मूळ अरबी वर्णमालेत नाहीत, ती दिसली की निदान अरबीची शंका फिटते. लिहिताना छोटी वाक्यं, आणि सर्वनामाऐवजी नातीचं नाव.

त्या ‘जाये शोमा खाली’ला ठरलेलं उत्तर आहे : ‘दूस्तान बे जाये मा’, आमच्या जागी मित्रमंडळी होतीच की. हे यंत्राकडून नको, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. उच्चार चुकला तर विहीणबाई हसतील, हसू द्या.