बिडाच्या शेगडीतला जाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यंदा पानगळीच्या दिवसांत आम्ही अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहायला आलो. भाड्याच्या घरात लाकडावर चालणारी बिडाची शेगडी आहे. पेटवताना खोलीत धूर कोंडतो आणि दाराची काच लगेच काळी पडते. रात्री शेगडी गच्च भरून हवेची झडप पूर्ण बंद करतो, तरी सकाळी आत जळके ओंडके तसेच उरलेले दिसतात. सरपण गेल्या महिन्यातच विकत घेतले असून ते वाळलेले आहे, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : शेगडीला दोष देण्याआधी सरपण तपासा. एक जाड ओंडका मधोमध फोडून नुकत्याच उघड्या पडलेल्या बाजूवर आर्द्रतामापकाच्या सुया टोचा. टोके आधी वाळत असल्याने तिथला आकडा फसवा असतो. आतली ओल 20 टक्क्यांहून कमी हवी. तुमच्या भागातील मेपल किंवा बर्च फोडून, वारा लागेल असे रचून ठेवले तरी वाळायला निदान एक उन्हाळा जातो, आणि ओकला बहुधा दोन. ओले लाकूड जळताना चुरचुरते, त्याच्या टोकांतून पाणी फेसाळत बाहेर येते आणि जाळाची बरीचशी उष्णता ते पाणी उकळण्यातच खर्च होते. मग अर्धवट जळलेला धूर धुराड्याच्या थंड भिंतींवर क्रिओसोट नावाच्या चिकट, डांबरासारख्या थराच्या रूपाने साचतो. काचेवर दिसणारी काजळी हा त्याचाच इशारा असून धुराड्यातला तो थर पेट घेऊ शकतो.

म्हणून माझा आग्रह असा की, घरमालकाला सांगून धुराडे आधी तपासून व साफ करून घ्या आणि तोवर शेगडी पेटवू नका. ही तपासणी एरवीही वर्षातून एकदा व्हायलाच हवी. या हिवाळ्यापुरते भट्टीत वाळवलेले सरपण घ्यावे आणि हाताशी असलेले फोडून, वरून झाकून पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

आता पेटवण्याविषयी. चुलीत आपण काटक्या खाली आणि मोठी लाकडे वर ठेवतो; या शेगडीत नेमके उलटे करून पाहा. तळाशी दोन-तीन जाड फाके, त्यांवर बारीक फाके, त्यांवर बोटाएवढ्या ढलप्या आणि सर्वांत वर कागदाचे बोळे ठेवून वरूनच काडी लावा. जाळ हळूहळू खाली उतरतो, आणि लाकडांतून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जात असल्याने तोही जळतो. धुराडे गार असेल तर त्यातील जड, थंड हवा धूर वर जाऊ देत नाही. अशा वेळी पेटवलेला कागदाचा पिळा आधी धुराड्याच्या तोंडाशी क्षणभर धरून वरची ओढ सुरू करावी. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा चालू असेल तर तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि शेगडीचा धूर खोलीत ओढला जातो, म्हणून तो बंद ठेवा. हवेची झडप सुरुवातीला पूर्ण उघडी असावी आणि जाड फाक्यांनी चांगला पेट घेतल्यावरच ती थोडी थोडी कमी करत आणावी. धुराची नळी एकेरी पत्र्याची असल्यास तिच्यावर चुंबकी तापमापक लावा. काटा दीर्घकाळ 250 अंश फॅरेनहाइटच्या खाली राहिला, तर काजळी धरते आहे असे समजावे.

सरपण घालताना झडप आधी उघडा, दार किंचित किलकिले करून क्षणभर थांबा आणि मगच ते पूर्ण उघडा. निखारे पुढे ओढून त्यांच्या मागे एकाऐवजी दोन-तीन फाके ठेवा, कारण एकटे लाकूड जाळ टिकवत नाही.

रात्री झडप पूर्ण बंद करणे मात्र आजपासून सोडा. धुमसत्या लाकडातून क्रिओसोट तर वाढतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला प्राणघातक वायू घरात शिरू शकतो. त्याची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या खोलीजवळ असलेच पाहिजे. झोपण्याआधी जाड, कोरडे फाके घालून ते नीट पेटू द्यावेत आणि मग झडप थोडी उघडी ठेवावी. सकाळी राखेखाली निखारे मिळतील. धुराड्यातून कधी घोंघावण्याचा आवाज आला, तर आतला क्रिओसोटचा थर पेटला असे समजून शेगडीचे दार आणि झडप बंद करून सर्वांनी घराबाहेर पडावे व 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न : अशा शेगडीतली राख रोज काढावी का? बागेत टाकली तर चालते का?

उत्तर : रोज काढू नये. तळाला जाळी नसलेल्या शेगडीत साधारण इंचभर राख राहू द्यावी, तिच्यात निखारे टिकतात. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवा. लाकडी ओट्यावर ती कधीही ठेवू नका, कारण राखेत दडलेला निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. पूर्ण विझलेली राख भाजीच्या वाफ्यात बेताने मिसळता येते. ब्लूबेरीला मात्र आम्ल माती लागते, तेव्हा तिच्या बुंध्याशी ती अजिबात टाकू नये.