आयव्हरी कोस्टची पोती आणि एम.ए.चा प्रवेश

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई काजू कारखान्यात बिया फोडते. तिथल्या पोत्यांवर आयव्हरी कोस्ट, टांझानिया ही नावे वाचून आफ्रिकेतील समाज आणि विकास हा विषय शिकावासा वाटतो. त्यासाठी थेट परदेशी जावे का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : प्रवेशाची चौकशी करण्याआधी त्या पोत्यांपाशीच थोडे थांबा. आयव्हरी कोस्ट काजू उत्पादनात जगात अग्रेसर असूनही तिथल्या बियांचा मोठा भाग न फोडताच भारत आणि व्हिएतनामकडे येतो. म्हणजे फोडण्या-सोलण्याची मजुरी आणि काजूगराचा नफा त्या देशाबाहेर जातो, आणि त्यातलाच थोडा हिस्सा तुमच्या घरी पोचतो. टांझानियाचा काजू ऑक्टोबरच्या सुमारास निघतो, तेव्हा आपल्याकडचा उन्हाळी हंगाम केव्हाच संपलेला असतो. आयात बीवर कारखाने चालू राहतात ते त्यामुळेच. उद्या तिथल्या सरकारांनी कच्च्या बीची निर्यात रोखून स्वतःचे कारखाने उभारले, तर तिथल्या बायकांना काम मिळेल, पण तुमच्या आईच्या कामाचे काय होईल? विकासाच्या अभ्यासाचा हा गाभ्याचा प्रश्न आहे आणि तो इतक्या जवळून विचारू शकणारे विद्यार्थी लंडनमध्येही थोडेच असतील.

थेट परदेशी जाण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात १९७१ पासून आफ्रिकी अभ्यास केंद्र आहे. दिल्ली विद्यापीठात स्वतंत्र विभाग आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात केंद्र आहे. एम.ए. यांपैकी एका ठिकाणी करावे आणि त्याच काळात भाषा शिकावी, कारण आफ्रिका हा ५४ देशांचा खंड असून टांझानियासाठी स्वाहिली आणि आयव्हरी कोस्टसाठी फ्रेंच आल्याशिवाय शेतकऱ्याशी बोलणे होत नाही.

परदेशी जायचेच झाले, तर लंडनचे सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था) आणि नेदरलँड्समधील लायडनचे आफ्रिकी अभ्यास केंद्र यांच्या बरोबरीने घानातील लेगॉन आणि टांझानियातील दार एस सलाम या विद्यापीठांचाही विचार करावा. ज्यांच्याविषयी शिकायचे त्यांच्याचकडून शिकण्यात वेगळा लाभ आहे. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीसाठी किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. ती दोन वर्षे एखाद्या काजू कारखान्यात आयातीची कागदपत्रे सांभाळण्यात गेली, तरी अभ्यासातून वजा होणार नाहीत.