परदेशात राहताना मुलांसाठी इंटरनॅशनल स्कूल कसं निवडायचं?

तुमची मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 चा, पोस्टिंग चार वर्षांचं आणि ब्रिटिश, अमेरिकन, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अनेक देशांतल्या शाळांत चालणारा अभ्यासक्रम) अशा तीन शाळांपैकी कुठली घ्यावी असं तुम्ही विचारलंय. आम्ही पण बदलीमुळे मुलांना घेऊन देश बदललेत म्हणून लिहितेय.

आधी हे बघा की पोस्टिंग संपेल तेव्हा मुलगी 15 ची असेल. माझ्या मते सगळं त्यावर ठरवा, कॅम्पस आणि स्विमिंग पूल नंतर. ब्रिटिश शाळांत आयजीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) साधारण 14 ते 16 या वयात करतात, दोन वर्षांचा कोर्स आणि मुख्य परीक्षा शेवटी, म्हणजे तुम्ही निघाल तेव्हा ती बरोबर मधोमध असणार आणि मग पुढच्या शाळेत तेच बोर्ड, तेच विषय मिळायला हवेत, जे जुळणं फार अवघड असतं. म्हणून कंपनीशी आत्ताच बोला, परीक्षेपर्यंत मुदत वाढवून मिळेल का किंवा निदान फॅमिलीला तोवर थांबता येईल का. मिळत असेल तर ब्रिटिश शाळा खुशाल घ्या, नाहीतर मी मुलीला तिथे घालणार नाही. अमेरिकन शाळेत नववीपासून दर वर्षी पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, जमा होतात त्यामुळे मधेच सोडलं तरी झालेलं वर्ष फुकट जात नाही. आयबीचा मिडल इयर्स प्रोग्राम 11 ते 16 चा, त्यातून दुसऱ्या आयबी शाळेत जाणं त्यातल्या त्यात सोपं, फक्त पुढच्या ठिकाणी अशी शाळा असायला पाहिजे आणि ती परवडायला पाहिजे. त्यानंतरचा डिप्लोमा मात्र सलग दोन वर्षांचा असतो, सहा विषय, वर 4000 शब्दांपर्यंतचा निबंध, तो चालू असताना शाळा बदलायची नाही म्हणजे नाही.

मुलाचं एवढं टेन्शन घेऊ नका, 6 व्या वर्षी तिन्ही चालतील, त्याच्या वर्गाच्या टीचर कशा आहेत आणि बसमध्ये किती वेळ जातो एवढं बघा. दोघं एकाच शाळेत हवीत हा हट्ट पण नको.

आयबी घेणार असाल तर शाळा अजून 'कॅंडिडेट' (म्हणजे मान्यतेसाठी प्रक्रियेत) आहे की तिला पूर्ण मान्यता मिळालीय हे आयबीच्या साइटवर शाळेचं नाव टाकून बघा, आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळं बघा कारण प्रायमरीला मान्यता आहे म्हणून डिप्लोमालाही असेल असं नाही.

घरी इंग्रजी नसेल तर भाषेचं नीट विचारा. खेळताना, गप्पा मारताना लागणारं इंग्रजी मुलं दोनेक वर्षांत उचलतात आणि आपल्याला वाटतं झालं, पण धड्यातली, परीक्षेत लिहायची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला साधारण 5 ते 7 वर्षं लागतात, जिम कमिन्स या अभ्यासकाने हा फरक मांडलाय. 11 व्या वर्षी जाणाऱ्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे हो, हुशार पोरं उगाच मागे पडल्यासारखी दिसतात आणि मनातून खचतात. म्हणून इंग्रजीचा जादा आधार आठवड्यातून किती तास, कोण देतं, त्यासाठी कुठला विषय बुडतो, वेगळी फी आहे का, सगळं विचारा. मातृभाषा पण सोडू नका, शाळेत शिकवत नसतील तरी आयबी डिप्लोमात ती साहित्याचा विषय म्हणून स्वतः अभ्यास करून घेण्याची सोय आहे, शाळेला आधीपासून सांगून ठेवावं लागतं.

शाळा बघायला जाल तेव्हा दरवर्षी किती टीचर सोडून जातात हे तोंडावर विचारा. अशा शाळांत बरेच टीचर दोन वर्षांच्या करारावर येतात, आणि परीक्षेच्या वर्षात गणिताचे सर बदलले तर मुलांचे हाल होतात.

फीचं म्हणाल तर ट्यूशन फी सोडून अॅडमिशन, डेव्हलपमेंट फंड, बस, परीक्षा फी यातलं कंपनी नक्की काय देते ते लेखी घ्या. मधेच निघावं लागलं तर नोटीस किती आधी द्यायची हेही करारात वाचा, खूप शाळा एक टर्म आधी मागतात, नाही दिली तर त्या टर्मची फी भरावी लागते.