उत्तर: ठिबकचं अनुदान ‘निधी नाही’ म्हणून अडकलं असेल तर

तुमची पोस्ट वाचली. संच बसला, मोका तपासणी (शेतात येऊन केलेली पाहणी) झाली, बिलं महाडीबीटी या अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवली आणि आता कार्यालय म्हणतं ‘निधी नाही’. तिकडे मार्चमध्ये सूक्ष्म सिंचनाला तरतूद झाल्याची बातमी तुम्ही स्वतः वाचलीत. याच पेचात मीही अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. पूर्वसंमती, शेतकरी ओळख क्रमांक, आधार बँकेला जोडणं हे झालं असेल असं धरतो. मी खात्यात नोकरीला नाही आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचना वरचेवर बदलतात. त्यामुळे आपल्या वर्षाचा शासन निर्णय उघडून ताडून घ्या.

बातमीतला आकडा म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा. विभागांच्या खर्चाच्या मागण्या विधिमंडळात मंजूर झाल्या आणि विनियोजन विधेयक संमत झालं की (घटनेचं कलम २०४) राज्याच्या एकत्रित निधीतून पैसे काढायची मुभा मिळते, बस्स. त्यातले किती टक्के सध्या वापरायचे हे वित्त विभाग ठरवतो आणि तेवढीच रक्कम बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर सोडतो. त्यानंतर कृषी विभाग निधी वितरणाचा शासन निर्णय काढतो आणि मग ती रक्कम कृषी आयुक्तालयाकडे येते. ‘निधी नाही’ या दोन शब्दांत यातला कुठलाही टप्पा असू शकतो. तो कुठला, हे विचारल्याशिवाय परत फिरू नका.

ठिबकमध्ये आणखी एक गुंता आहे. अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के म्हणतात, त्यातले ५५ टक्के केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेचे आणि २५ टक्के राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचे. बाकीच्यांना ४५ अधिक ३०. पहिल्या भागात केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा असतो. आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) गेली नसतील तर केंद्राचा पुढचा हप्ता अडतो आणि त्याच्या जोडीचा राज्याचा हिस्साही रखडतो. दुसऱ्या भागाची तरतूदच वेगळी, शासन निर्णय वेगळा. म्हणून एक रक्कम जमा होऊन दुसरी महिनोनमहिने येत नाही आणि लोक समजतात अनुदान कापलं. शिवाय हे टक्के मंजूर मापदंडावर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाहीत.

वितरणाचा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्याच्या संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. आत मागणी क्रमांक डी-३, मुख्य लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) २४०१ पीक संवर्धन आणि शेवटी ‘३३ अर्थसहाय्य’ असं दिसेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रवर्ग पाहा. सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांची तरतूद वेगवेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याला पैसे आले म्हणजे तुमचेही आले असं होत नाही. रकमेचं एककही तपासा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आकडे हजारांत असतात, शासन निर्णयात बहुधा लाखांत. पुरवणी मागणीत (वर्षाच्या मधेच मागितलेल्या तरतुदीत) एखाद्या योजनेपुढे नुसता ‘१’ दिसला तर ती एक हजार रुपयांची लाक्षणिक मागणी. म्हणजे लेखाशीर्ष उघडलंय किंवा पैसे त्याच मागणीतल्या बचतीतून वळवायचे आहेत. त्या ‘१’ च्या भरवशावर उसनवारी करू नका.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) आम्हाला हंगामभर ‘वरूनच निधी नाही’ असं तोंडी सांगितलं. प्रत्यक्षात आमच्या प्रवर्गाचा निधी वितरित झाला होता. त्यांनी वर पाठवलेल्या मागणीत आमची प्रकरणंच नव्हती, कारण मोका तपासणीचे अहवाल त्यांच्याकडूनच ऑनलाइन चढले नव्हते. प्रकरणं कमी दिसली, निधी शिल्लक राहिला आणि मार्चअखेर प्रत्यर्पित झाला, म्हणजे सरकारकडे परत गेला. ३१ मार्चनंतर ती तरतूद व्यपगत (रद्द), म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प, पुढचं वितरण आणि पुन्हा रांग. निधी खरंच नसेल तर माणूस समजून घेतो. असलेला निधी परत जाऊ द्यायचा आणि शेतकऱ्याला हेलपाटे घालायला लावायचे, याला माझ्या लेखी माफी नाही.

म्हणून माहितीचा अधिकार वापरा आणि तो नीट वापरा. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर, शुल्क १० रुपये. ‘माझं अनुदान का आलं नाही’ असं विचारलंत तर ‘का’चं उत्तर अभिलेखात नसतं, अर्ज निकाली निघतो. कागद मागा: चालू वर्षात या योजनेखाली मिळालेला निधी, प्रवर्गनिहाय आणि तारखेसह, वरिष्ठ कार्यालयाला पाठवलेल्या निधी मागणीच्या पत्राची आणि सोबतच्या यादीची प्रत, गेल्या मार्चमधलं प्रत्यर्पणाचं विवरण. यादीत तुमचं नाव नसेल तर अडचण मुंबईत नाही, तुमच्या तालुक्यात आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याचं शुल्क २० रुपये.

यादीत नाव आहे आणि तरतूदच अपुरी आहे, असं निघालं तर वेळ साधावी लागते. आठमाही सुधारित अंदाज (वर्षाच्या मधे खर्चाचा नव्याने घेतलेला अंदाज) तयार होतात त्याच्या आधी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, जिल्ह्याची प्रलंबित रक्कम वर गेली पाहिजे. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. आमदारांकडे जाल तेव्हा मोर्चाचं निवेदन नेऊ नका, एक पानच न्या: मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, प्रवर्ग, प्रलंबित प्रकरणं, रक्कम. कपात सूचनेपेक्षा (मागणीवरच्या चर्चेत रक्कम कमी करा म्हणून मांडायची सूचना) तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) टाकायला सांगा, असं माझं मत. वेळ संपली की कितीतरी मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात. प्रश्न मात्र दाखल झाला की विभागाला माहिती गोळा करावीच लागते, आणि तेवढ्यानेही खालची फाईल हलते. फेब्रुवारीनंतर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही, वर्षअखेरीला वित्त विभाग खर्चावर बंधनं घालतो.

दुकानदाराची बाकी अनुदानाच्या तारखेवर ठरवू नका. आणि कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. अपिलात तोच कागद कामाला येतो.